लोणी वितळवायची कढई

नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, येरमाळ्याच्या येडाईपुढं हात जोडले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. ही गोष्ट मी आजवर कुणापुढंच काढलेली नाही. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमच्या गल्लीचं मत आहे, आणि ते खोटंही नाही. कुणाच्या घरात काय बिनसलं हे मी आमच्या भूमजवळच्या वाशीच्या बाजारातून घरी पोचेपर्यंत चार जणींना सांगून मोकळी होते. पण ही एक गोष्ट तीन वर्षं आतच राहिली. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. तेवढंच.

डोनटपासून सुरुवात करते. हसू नका.

मी डोनट फार चांगले करते. एअर फ्रायरमधले. आमच्या गल्लीत कुणाच्या पोराचा वाढदिवस असला की बाया मला बोलावतात, नाहीतर वही घेऊन माझ्याच ओट्याशी येऊन उभ्या राहतात. मीही हात राखून सांगत नाही. दोन वाट्या मैदा, कोमट दुधात साखर आणि चमचाभर यीस्ट, चिमूटभर मीठ, थोडं लोणी. मऊ मळायचं, हाताला चिकटलं तर चिकटू द्यायचं, मैदा वाढवायचा नाही. झाकून ठेवायचं. आमच्याकडं चैत्रात तासभरही लागत नाही, पीठ फुगून झाकण उचलतं. मग जाडसर लाटायचं, पेल्यानं गोल कापायचे, मध्ये बाटलीच्या झाकणानं भोक पाडायचं. पुन्हा अर्धा तास झाकायचं — इथंच सगळ्या घाई करतात. मग मशिनमध्ये चार-चार ठेवायचे, पाच-सहा मिनिटं. बाहेर काढले की गरम असतानाच वितळलेलं लोणी लावायचं आणि दालचिनी घातलेल्या पिठीसाखरेत घोळवायचे. झालं. इतकं सोपं आहे की बायांना आधी खरंच वाटत नाही.

कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी म्हणते, मोबाईलवर बघून.

मोबाईलवर नाही. मला ते सुवर्णानं शिकवलं. सुवर्णा म्हणजे माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची — दत्ताची — बायको. बार्शीची. तिनं मला ज्या दिवशी सकाळी ते शिकवलं, त्याच दिवशी दुपारी मी तिला या घरातून उठवलं. हातानं धरून नाही. आवाज चढवून तर मुळीच नाही. त्या दिवशी घरात सगळ्यात गोड मीच बोलत होते.

बघा, मी ताकाला जाऊन भांडं लपवतेय. जरा मागून सांगते, मग येईल ते ओघात.

मी लग्न होऊन या घरात आले ती कढईसकट. आईनं दोन लोखंडी कढया दिल्या होत्या, एक मोठी, एक लहान. माझ्या अंगी दुसरा कुठला गुण होता की नाही देव जाणे, पण तळणात माझा हात धरणारी बाई अख्ख्या भावकीत नव्हती. तेल किती तापलं हे मी कढईवर तळवा धरून सांगायची. माझ्या पुऱ्या तेल पीत नव्हत्या, माझे कानवले फुटत नव्हते. लग्नकार्य असलं की मला आदल्या दिवशीच बोलावणं यायचं. सासूबाई — त्यांना मी आत्या म्हणते — कधी कुणाचं तोंडावर कौतुक करत नाहीत. पण पाव्हण्यांपुढं म्हणायच्या, तळणातलं थोरलीला इचारा. वीस वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. तुम्हाला वाटेल, एवढंच? हो, एवढंच. माझ्याकडं एवढंच होतं.

दत्ता तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता. कढईशेजारी पाटावर बसून पहिली पुरी मागायचा. आमचे मालक बियाण्यांच्या दुकानात, आत्या शेतात, म्हणजे दिवसभर घरात मी आणि तो. माझ्या हातचं खाऊन वाढला. म्हणून त्याच्यावर माझा हक्क होता असं नाही. पण मला तसं वाटायचं.

मग सुवर्णा आली. शिकलेली, बोलायला मऊ, कामाला चलाख. माझ्याशी नीट वागायची, ते मला सगळ्यात जास्त खुपायचं. एका दिवाळीत चकल्या तळताना तिच्या मनगटावर तेल उडालं. माझ्यामुळं नाही, हे देवाशपथ. चांगला रुपयाएवढा फोड आला. दत्ता त्या आठवड्यातच बार्शीला गेला आणि एअर फ्रायर घेऊन आला. बायकोला फोड आला म्हणून! माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत वीस वर्षांचे डाग आहेत, ते कुणी कधी मोजले नव्हते.

सुवर्णानं त्यात पहिल्यांदा डोनट केले. सगळे ओसरीवर बसून खात होते. तिची तन्वी तेव्हा चार वर्षांची, भोकात बोट घालून फिरवत होती. आत्यांनी दोन खाल्ले. मालकांनी बोटं चाटली. आणि दत्ता माझ्याकडं बघून हसत म्हणाला, "वैनी, आता तुमची कढई माळ्यावर टाका बरं."

सगळे हसले. मीही हसले. मी हसण्यात कधी मागं नसते. पण नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की रात्री जेवण गेलं नाही. गंमत होती ती, कळत होतं. कळून काय होतं?

दोन वर्षांनी दसऱ्यानंतर दत्ता गेला. येरमाळ्याच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यावर, मोटारसायकल आणि ट्रक. त्याविषयी मी लिहिणार नाही. मी रडले ते खरं होतं. एवढं तरी खरं माना. नाही मानलंत तरी चालेल.

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की वर्ष सरेपर्यंत कढई चढत नाही. शिजवा, भाजा, पण तळण नाही. दिवाळीचा फराळ भावकीतून येतो, तोही कुणी मागून खात नाही. का, ते प्रत्येक घर वेगळं सांगतं. आत्या सांगायच्या, कढईत तेल तापलं की गेलेल्याच्या जिवाला चटके बसतात. वर्षभर तो वाटेवरच असतो, त्याचा जीव अजून घरात गुंतलेला असतो. त्या हे अगदी साध्या आवाजात सांगायच्या. दहावा झाल्यावर मीच दोन्ही कढया घासल्या, उपड्या घालून पोत्यात बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या. दत्ताचं म्हणणं असं खरं झालं. पोतं माळ्यावर ज्वारीच्या कणगीमागं होतं. हे घरात मला एकटीलाच माहीत होतं — हे लक्षात ठेवा.

त्या हिवाळ्यात आत्या बदलल्या. सुवर्णाला जवळ घ्यायला लागल्या. तन्वीला कुशीत घेऊन झोपायच्या, सुवर्णाच्या डोक्याला तेल लावून द्यायच्या. "वरीस झालं की धाकली दुकानात बसंल," असं एकदा जेवताना बोलून गेल्या. मालकही व्हय म्हणाले. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं तरी काय होतं त्यात? बिचारी विधवा, लेकरू लहान. कुणाच्याही पोटात कालवलं असतं. माझ्याही पोटात कालवायचं, पण ते वेगळं.

सुवर्णाला इथंच राहायचं होतं. तिनं मला स्वतः सांगितलं होतं, ज्वारी निवडताना. बार्शीला भावाचं घर दोन खोल्यांचं, भावजय तोंडाची फटकळ. "तिथं मी कोण वो, आक्का? इथं मी त्यांची बायको तरी हाय." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचा सगळा जीव या घराच्या उंबऱ्यात अडकलाय हे मला त्या दिवशी कळलं. आणि मी ते विसरले नाही.

चैत्रात तन्वीचा वाढदिवस आला. सातवा. वर्ष सरायला सहा महिने होते, साजरा करायचा प्रश्नच नव्हता. पण लेकरानं आईकडं डोनट मागितले. पप्पांनी आणलेल्या मशिनमधले. मशिन तेव्हा ओट्याच्या कोपऱ्यात होतं, सुवर्णा त्याच्यावर दत्ताचा जुना टॉवेल घालून ठेवायची आणि रोज तो झटकून पुन्हा घालायची. मला ते बघवायचं नाही. दुःखानं नाही — मला वाटायचं, ही नाटकं कशाला.

ती माझ्याकडं आली. तिनं आपल्या मनानं काही केलं नाही, हे मला तुम्हाला नीट सांगायचंय. तिनं विचारलं. "आक्का, मशिनमधलं तळणात धरतात का वो? आत्याला इचारायचं धाडस व्हईना. तुमी सांगा, तुमाला तळणातलं कळतं."

मी म्हणाले, "अगं त्यात तेल कुठंय? ते भाजणंच झालं. कर बिनघोर. आत्याला मी सांगते."

आता, हे म्हणताना माझ्या मनात काय होतं? मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलेय की तेव्हा मी मनापासून बोलले. डाव नंतर सुचला. हे बघा, लिहितानाही मी सुटायची फट शोधतेय. आत्यांना सांगायला माझ्याकडं तीन दिवस होते. सकाळ-संध्याकाळ चहाचा कप मीच त्यांच्या हातात देत होते. एक वाक्य बोलायचं होतं. कदाचित त्या हो म्हणाल्या असत्या, नातीसाठी. त्या हो म्हणतील याचीच मला भीती होती. म्हणून मी विचारलं नाही.

वाढदिवस येडाईच्या जत्रेच्या दिवसांत आला. त्या वर्षी आमच्या घरातलं कुणी येरमाळ्याला गेलं नव्हतं. पण आत्यांची धाकटी बहीण, भूमची मावशी, जत्रेला गेली होती, आणि परत जाताना बहिणीला भेटून जाणार होती. तिचा फोन सकाळी माझ्याच मोबाईलवर आला. बाराच्या सुमारास वाशीला उतरते, दुकानातून आत्यांना घेऊन घरी येते. ही मावशी म्हणजे कशी — तिला एखादी गोष्ट कळली की ती तीन तालुक्यांना कळते. मी म्हणाले, या की मावशी. आणि सुवर्णाला सांगितलं नाही.

तन्वी शाळेत गेली, आत्या दुकानात. सुवर्णानं पीठ भिजवलं. मी तिच्याशेजारी पाटावर बसले आणि म्हणाले, मलाही शिकव गं. तिला इतका आनंद झाला! दत्ता गेल्यापासून मी पहिल्यांदा तिला अशी बोलताना बघत होते. यीस्ट जिवंत आहे का ते कसं बघायचं, दूध बोटाला सोसेल एवढंच कोमट का ठेवायचं, भोकातून निघालेल्या गोळ्या टाकायच्या नाहीत, त्या लेकरांना आवडतात. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. मीही कान देऊन ऐकलं. आज बाया वहीत लिहून घेतात ते सगळं तिचं आहे, शब्दसुद्धा.

सव्वाबाराला दुसरा घाणा मशिनमध्ये गेला. लोणी वितळवायचं राहिलं होतं. ती लहान पातेलं घेत होती.

इथं आले मी शेवटी.

मी म्हणाले, थांब, पातेल्यात लोणी करपतं. मी शिडी लावली, माळ्यावर चढले, कणगीमागचं पोतं सोडलं आणि लहान कढई काढली. पदरानं पुसली. खाली येऊन तिच्या हातात दिली. ती चपापली. "आक्का, कढई?" एवढंच म्हणाली. मी हसले. "तळायला थोडीच हाय? लोणी तर इतळवायचंय. लोखंडाला ते लागत न्हाय." तळणातलं मला कळतं ना — तिनं माझं ऐकलं. कढई गॅसवर ठेवली, लोण्याचा गोळा टाकला. मी शिडी जागेवर ठेवली, हात धुतले आणि देवघरात वाती वळत बसले.

त्या घरात सहा महिने तसला वास आला नव्हता. लोणी चुरचुरायला लागलं. बाहेरच्या फाटकाची कडी वाजली, मावशीचा आवाज आला. देवघरातून ओट्यापर्यंत चार पावलं आहेत. मी वाती वळत होते. कापूस बोटांना नीट येत होता. एक सांगू? मला बरं वाटत होतं. लग्नाच्या घाण्याला पहिली पुरी टम्म फुगते तेव्हा वाटतं, तसं.

आत्या दारात थबकल्या. ओरडल्या नाहीत. कढईकडं बघत होत्या, आणि बघता बघता उंबऱ्यावर बसल्या. मावशी पाठीमागून म्हणाली, "अगं बया, वरीसबी झालं न्हाय अजून." मग आत्यांनी अगदी हळू विचारलं, "कढई कुणी काढली?"

मी हातात वाती घेऊन तिथं आले होते. सुवर्णानं माझ्याकडं बघितलं. तक्रार नव्हती त्या नजरेत. वाट बघणं होतं. आता आक्का बोलतील, असं तिला खरंच वाटत होतं.

मी बोलले नाही. आत्या माझ्याकडं वळल्या. त्यांना अजून खात्री नव्हती, हे मला दिसत होतं. त्यांना कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. "थोरले, तुला तळणातलं कळतंय. सांग मला, हे तळण हाय का न्हाय?"

वीस वर्षं ज्या वाक्यावर काढली ते वाक्य त्या दिवशी पुन्हा माझ्या ओंजळीत आलं. भर मावशीपुढं. मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. न्हाय — एवढा एकच शब्द. पुढं मशिनचं झाकण उघडून दाखवायचं, बघा, तेलाचा थेंब नाही. कढई मी काढून दिली, लोण्यासाठी. संपलं असतं. आत्या दोन शिव्या मला घालून पाणी प्यायल्या असत्या.

मी म्हणाले, "आता काय सांगू, आत्या? कढई गॅसवर हाय. वास तुमाला आलाच."

"आक्का," सुवर्णा म्हणाली.

मग मी तिच्याजवळ गेले, गॅस बंद केला, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मला एका शब्दानं इचारलं असतंस तर म्या न्हाय म्हनले असते गं." असं मायेनं म्हणाले की मावशीच्या डोळ्यात पाणी आलं. माझा चांगुलपणा बघून.

सुवर्णानं त्यानंतर तोंड उघडलं नाही. मला पुष्कळदा वाटतं, का नाही उघडलं? आत्यांसमोर मला खोटं पाडायला ती काही मुकी नव्हती. पण त्या घरात तळणातलं कळणारी बाई एकच होती, आणि तिनं निकाल दिला होता. त्यावर तिचं कोण ऐकणार होतं? की तिला माझी लाज वाटली? या शेवटच्या विचारावर मी फार वेळ थांबत नाही.

आत्या म्हणाल्या, ते सगळं बाहेर टाका. परात मीच उचलली. घरामागं लिंबाखाली उकिरडा आहे, तिथं नेऊन उपडी केली. त्याआधी एक डोनट खाल्ला. उभ्या उभ्या, पाठ घराकडं करून. गरम होता. साखर लागली नव्हती तरी चांगला झाला होता, पीठ बरोबर आंबलं होतं. भोकांच्या गोळ्या सुवर्णानं एका वाटीत वेगळ्या ठेवल्या होत्या. त्याही मी टाकल्या.

दुपारी तन्वी शाळेतून आली, नवा फ्रॉक घातलेला. आई खोलीत दार लावून, आजी भिंतीकडं तोंड करून. लेकरू माझ्याकडं आलं. "मोठी आई, माझे डोनट?"

"बिघडले बाळा," मी म्हणाले.

त्या दिवसापासून आत्यांनी सुवर्णाच्या हातचं पाणी घेतलं नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त तांब्या परत सरकवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "माझ्या लेकाला चटकं दिलं गं तिनं. वाटंवर होता त्यो." आणि रडल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई आपला मुलगा भाजतोय असं समजून रात्रंदिवस तळमळत होती. माझ्या पापात नुसती सुवर्णा नाही, ही दुसरी. तिच्यापुढंही मी गप्प राहिले, पाय दाबत राहिले. मावशीनं भूमपासून परांड्यापर्यंत आपलं काम केलं होतं. भावकीतल्या बाया यायच्या, सुवर्णाकडं बघायच्या आणि माझ्याशी बोलायच्या. आठव्या दिवशी तिचा भाऊ बार्शीहून आला. काही दिवस नेतो म्हणाला. सगळ्यांना कळत होतं ते काही दिवस किती ते. पोरगी आगीतून फुफाट्यात निघाली होती आणि मी तिला वाटेसाठी दशम्या बांधून देत होते.

जाताना ती मशिन उचलायला गेली. टॉवेलसकट. मी म्हणाले, आत्ता नको, आत्यांना दिसलं तर पुन्हा भडकतील. मी मागून पाठवून देते. तिनं ते खाली ठेवलं. टॉवेल तेवढा घडी करून पिशवीत घातला. मग माझ्या पाया पडली.

मी मशिन पाठवलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात भावकीतल्या एका लग्नात ती दिसली. वाळली होती. कपबशा विसळणाऱ्या बायांमध्ये बसली होती, तिथं तिला कुणी बसवलं की आपणच बसली, कोण जाणे. तन्वी उंच झाली आहे. मला बघून हसली नाही, आईनं सांगितलं तेव्हा वाकून नमस्कार केला. सुवर्णा इकडचं-तिकडचं बोलली, आत्यांची तब्येत विचारली. मग जरा अडखळत म्हणाली, "आक्का, ते मशिन चालतंय का वो? न्हाय म्हंजे, घरून काही ऑर्डरी घेता आल्या असत्या मला."

मी म्हणाले, "न्हाय गं. ते कवाच बिघडलं."

याला काय म्हणाल? तेव्हा दत्ताचा राग नव्हता, आत्यांचं लाडावणं नव्हतं, कढईचा मान नव्हता. बाई हरली होती आणि माझ्यापुढं उभी होती. तरी मी म्हणाले. आदल्याच आठवड्यात मी त्यात चोवीस डोनट केले होते.

आता आत्यांना हृदयाचा त्रास निघालाय. बार्शीच्या डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. मोठी कढई पुन्हा माळ्यावर गेली, यावेळी कायमची. मी त्यांच्यासाठी सगळं मशिनमध्ये करते, आणि महिन्यातून एकदा डोनट, साखर बेताची. लोणी त्याच लहान कढईत वितळवते. आत्या ओट्याशेजारी खुर्चीवर बसून बघत असतात. कढई गॅसवर असते, लोणी चुरचुरतं, वास घरभर होतो. त्या काही म्हणत नाहीत. त्यांच्या ध्यानातच येत नाही.

परवा शेजारच्या बाईनं त्यांना हटकलं, आजी, तुम्हाला तळलेलं चालतं का? आत्यांनी घास खाली ठेवला. माझ्याकडं बोट दाखवून, अगदी ठसक्यात म्हणाल्या, "हे कुठं तळण हाय? ह्यात तेलच न्हाय. इचारा हिला, हिला कळतंय तळणातलं."

शेजारीण माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हणाले, "न्हाय, हे तळण न्हाय." आणि आत्यांच्या ताटलीत अजून एक ठेवला.